मीनाक्षीचे शेअर

शाळेतल्या पगाराची थकबाकी मिळाली तेव्हा, शहाण्णव साली, मीनाक्षीने एका रंगाच्या कंपनीचे शेअर घेतले. गाझियाबादचा फ्लॅट घेताना तिच्या नवऱ्याने, उल्हासरावांनी, ते विकायचा खूप आग्रह धरला, पण ती बधली नाही. आज त्यांची किंमत दीडशेपट झाली होती. आता मात्र विस्मरणाच्या आजाराने तिला स्वतःचं घरही ओळखू येईना. दिवसरात्र सांभाळायला बाई हवी होती, पेन्शन पुरत नव्हती आणि शेअर तिच्या एकटीच्या नावावर होते.

उल्हासरावांनी विक्रीचा कागद पुढे ठेवला. "इथे सही कर."

"कोणाचे आहेत हे?"

"तुझेच."

"मग नाही विकायचे," ती शांतपणे म्हणाली. "आमचे हे फार उतावीळ आहेत. त्यांना सांगू नका हं."

कोर्टातून परवानगी मिळायला वर्ष तरी लागेल, असं वकील म्हणाले होते. हात धरून सही करून घ्यावी म्हणून त्यांनी तिचं मनगट धरलं, तर तिने त्यांचाच हात विश्वासाने घट्ट धरला.

"नाही सांगणार," ते म्हणाले आणि त्यांनी पेन बाजूला ठेवलं.