नावाआधीचं सौ.

सकाळी पेपरातून मान वर न काढता रत्नाकरराव म्हणाले होते, "गंजावर नाव टाकशील तर आधी सौ. टाक."

कुमुदचं लाटणं पोळीवर तिथंच थांबलं. दोघांच्या लेकीनं, मंजिरीनं, हिंदी बोलणाऱ्या साहूंच्या पियुषशी कोर्टात लग्न केलं त्याला आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत पोरीचं लग्न झालंय हे तिच्या बाबांनी आज पहिल्यांदा कबूल केलं, तेही एका अक्षरात. संध्याकाळी सहाला शंकर नगरात मंजिरीच्या नव्या घरी दूध उतू घालायचं होतं. त्यासाठी स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, आईकडून द्यायचा. बाबा यायला तयार होते. पण रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेला माणूस, कागदात एक चूक सापडली की माल परत. माघारी फिरायला त्यांना एक निमित्त पुरे, हे कुमुदला पक्कं ठाऊक होतं.

आणि मे महिन्यात गोल बाजारात निमित्तांना काय तोटा.

चौकापासूनच रस्ता खोदून ठेवलेला. "काहून खोदला, भैया?" विचारलं तर खड्ड्यातला माणूस म्हणाला, "अब राजधानी है ना, दीदी." पुढे कोण्या साहेबाची लाल दिव्याची गाडी जायची म्हणून वीस मिनिटं अडवलं. शिपायानंही तेच उत्तर दिलं. शहर नव्या राज्याची राजधानी होऊन दीड वर्ष झालं. ऊनसुद्धा तेव्हापासून जरा जास्तच मिजाशीत पडून राहिलं होतं.

रत्नाकररावांनी स्कूटर कडुलिंबाखाली लावली, डोक्याला गमछा गुंडाळला. "पंधरा मिनिटं. मंग मी चाललो घरी."

आत बाजार नुसता उतू जात होता. वाळ्याच्या ताट्या, माठ, कैऱ्यांचे ढीग, भर रस्त्यात बसलेला सांड आणि त्याला वळसा घालून जाणारी अख्खी राजधानी. अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी मातीचे नवरा-नवरी विकायला मांडले होते. पोरंटोरं त्यांचं लग्न लावतात. हे लग्न बरं, कुमुदला वाटलं, यात कोणाचे बाबा रुसत नाहीत.

गंज घेतला, पण नाव टाकणाऱ्या कक्काकडे वीज नव्हती. वीज आली तेव्हा नाव लिहून आणलेल्या तिच्या मुठीतल्या चिठ्ठीचा घामानं लगदा झाला होता. शेजारचा कुलर घरघरत होता, साडीवाला कर्ण्यावर ओरडत होता. त्या सगळ्यावर आवाज चढवून तिनं सांगितलं, "लिखो, सौ मंजिरी. नीचे, आई-बाबा."

कक्कानं मशीन चालवलं, फुंकर मारली, गंज पुढे केला. त्यावर सुबक अक्षरात होतं: १०० मंजिरी.

"हे काय लिहिलं, कक्का?"

"सौ मंजिरी. आप ही तो बोले."

"अरे, वो सौ नहीं. शादी हो गई लड़की का सौ."

कक्कानं चष्मा कपाळावर सरकवला. "सौ लड़की की शादी है?"

"एकच आहे हो. एक ही है."

"समाज के बर्तन में नंबर डलता है, दीदी. हम समझे मंजिरी महिला मंडल, गंज नंबर सौ."

"मिटाओ."

"स्टील है, दीदी. स्लेट थोड़ी है."

तोवर बाजार गोळा झालाच. साडीवाला कर्णा बंद करून आला आणि म्हणाला, पुढे शुभकामना जोडून टाका. बांगडीवाली म्हणाली, राहू दे, पोरगी शंभर वर्षं जगेल. रसवाल्याला तर आधी सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकायची होती. इतक्या उन्हात इतकी माणसं इतकी रिकामी कशी, कुमुदला कळेना. तिनं गंज पदरात गुंडाळला आणि वाट काढली. पाऊण तास झाला होता.

रत्नाकरराव होते. तोंड उन्हानं तांबडं.

"दाखव."

"घरी जाऊन पाहू न."

"दाखव म्हणतो."

तिनं पदर बाजूला केला. त्यांनी गंज हातभर लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "शंभर?"

तिनं सगळं सांगितलं, महिला मंडळासकट. एवढं एक अक्षर आठ महिन्यांनी निघालं आणि तेही बाजारानं गिळलं. आता स्कूटर घरी, चौबे कॉलोनीकडे वळणार, म्हणून तिनं आधीच तोंड फिरवून घेतलं.

"एका मंजिरीनं आठ महिने झोपू नाही देल्लं मले," मागून आवाज आला, "अन् हा शंभर देऊन राहिला."

तिनं वळून पाहिलं. शर्टाखाली त्यांचं पोट हलत होतं.

"काय म्हणला तो? सौ लड़की की शादी?"

"हव. दुसरा घेऊन येऊ का?"

"काहाले? आई-बाबा बरोबर लिहिलं न त्यानं." त्यांनी गंज स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवला. "पियुषले हे मी सांगीन. तू सांगशील तर सगळी मजा घालवशील."

गंमत सांगायची तर आधी सौ. म्हणजे काय, हे जावयाला समजावून द्यावं लागणार होतं, बाबांनाच, स्वतःच्या तोंडानं. कुमुदनं हे मनातच ठेवलं.

"सांगा," ती मागे बसत म्हणाली. "पण आधी किक मारा. राजधानी झाली म्हणून सहा काही सातले वाजत नाहीत."