दाबा, धरा, सोडा

"दाबा!"

मी क्लच दाबला.

"धरा!"

मी धरला. ट्रकखालून सदूचे फक्त पाय बाहेर आलेले. चाळीस वर्षं तो गाड्यांखाली आहे. निम्म्या तालुक्याला सदूचे पाय ओळखू येतात, तोंड नाही. क्लचमधली हवा काढायची म्हणजे मी पेडल दाबून धरायचं, त्याने खालचा नट सैल करायचा, बुडबुडे नळीतून बाटलीत आले की नट आवळायचा आणि मग म्हणायचं, 'सोडा.' त्याआधी पाय उचलला की हवा परत आत.

आणि मी नेमका सांगत होतो, कार्ले खिंडीत एक बिबट्या माझ्या टपावर बसला तो थेट वडखळला उतरला. उतरला कसा, ते मी पाय वर घेऊन दाखवलं.

"दादा, पाय!" खालून आवाज आला. "गेली ना हवा आत! तुमचा बिबट्या उतरला, आन् मी पुन्हा पयल्यापास्नं!"

नागावच्या वाडीतले नारळ मी याच ट्रकमधून सव्वीस वर्षं नेतोय. गेले चार दिवस सकाळी पेडल खाली गेलं की वर येईना, गिअर पडेना. उन्हं चढली की गाडी आपोआप शहाणी. मी सगळ्यांना सांगितलं, रस्त्याच्या मोरीतला समंध सकाळी पेडल धरून बसतो. वाडीच्या मालकीण भार्गवीवहिनी हसल्या नाहीत. "हरीभाऊ, गाडीची हेळसांड झाली असली तर चावी त्या तरण्या ड्रायव्हरला, कुलदीपला देईन. तुम्ही आता घरी आराम करा."

घरी आराम! घरी माझं ऐकणारं कोण आहे?

तिसऱ्या खेपेला बाटलीत तेलाबरोबर पांढऱ्या कण्या आल्या. सदू सरपटत बाहेर आला. बाटली नाकाशी नेली. माझ्याकडे बघितलं.

"दादा, क्लचच्या तेलाच्या डबीत काय वतलंत?"

"तेल कमी झालं होतं. ब्रेक ऑइल संपलेलं. घरात घाण्याचं होतं…"

"खोबरेल?"

"शुद्ध होतं रे!"

"थंडीत गोठतं, म्हायीत न्हाय? आन् रबरं बघा, फुगल्यात कशी!"

माहीत कसं नाही? पौषात खोबरेलाची बाटली मी जन्मभर उन्हात ठेवत आलोय. ट्रकच्या बाबतीत तेवढं सुचलं नाही.

तेवढ्यात वहिनी गॅरेजवर आल्या. बिबट्याही कामाला येईना.

"काय निघालं, सदू?"

"रबरं गेली व्हती, वयनी. गाडीचं वय झालंय. दादांनी येळेत आणली म्हणून बरं."

वहिनींनी नाक वर केलं. "खोबरेलाचा वास कसला?"

"माझ्या डोक्याचा," सदू म्हणाला आणि सवयीने टोपी काढून घाम पुसला.

सदूच्या डोक्यावर शेवटचा केस कोणी पाहिला, यावर नाक्यावर पैजा लागतात. वहिनी त्या गुळगुळीत डोक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग बाटलीकडे. मग माझ्याकडे.

"तेल चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "डोक्यालाच लावत जा. हरीभाऊ, उद्या साताला नारळ भरायचेत. उशीर नको."

त्या गेल्या. सदूने पाइप धुतला, नवी रबरं घातली, ताजं ऑइल भरलं. मी बिबट्याला खिंडीतच ठेवून दाबत, धरत, सोडत राहिलो. चौदाव्या खेपेला पेडल पायाखाली घट्ट लागलं आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

सदू हात धुवायला नळाकडे निघाला. नळाला पाणी नव्हतं. मी पिंपातून तांब्या भरून घेतला.

"दादा, तुम्ही मोठे. द्या हिकडं."

"हात पुढे कर."

"अवो, पन…"

"कर म्हणतो ना."

त्याने हात पुढे केले. मी धार धरली. काळं पाणी सुपारीच्या आळ्यात उतरत गेलं. तांब्या संपला, तसा मी दुसरा भरून आणला.