पाय हलका ठेवा

"वहिनी, गाडीला काय बी झालेलं नाय. पाय हलका ठेवा," असं काकासाहेब मिस्त्री म्हणाले तेव्हा माझ्या हातात नुसती किल्ली होती म्हणून बरं. पाना असता तर काय केलं असतं सांगता येत नाही.

पाय हलका ठेवा! हेच घरी, हेच गॅरेजात, हेच शेजारच्या ओट्यावर. ऐकून ऐकून कान किटले होते. आमची शाळेची व्हॅन जुनी आहे, हे काय मला माहीत नाही? तिची दारं किरकिरतात, वायपर कण्हतो, ते सगळे आवाज मी ओळखते. पण हा आवाज वेगळा होता. पुंडलिकनगरातून मुलं भरून जालना रोडला लागले, मोंढा नाक्याचा पूल चढायला लागले की खालून घर्रर्र सुरू व्हायचं, मधूनच टक् वाजायचं आणि अख्खी गाडी अशी थरथरायची की आरशात मुलांची तोंडं अस्पष्ट दिसायची. पूल उतरला की गप्प. मुलं उस्मानपुऱ्यातल्या शाळेत सोडून तशीच गॅरेजात नेली की गाडी इतकी शहाण्यासारखी चालायची की मलाच लाज वाटायची.

आधी ही गाडी माझे मिस्टर अतुल चालवायचे. दिवाळीत त्यांच्या कमरेची गादी सरकली. डॉक्टरांनी सांगितलं, स्टीअरिंग विसरा. मग लग्नाआधी हौसेनं काढलेलं माझं लायसन बाहेर आलं, बॅज काढला आणि मी गाडीवर बसले. आणि नेमका मी बसल्यानंतरच हा आवाज सुरू झाला. आता बोला.

"माझ्या पोराच्या हातात गाडी गुमान चालायची. हिनं हात लावला अन् बोंबलायला लागली," आमच्या सासूबाई, गीताबाई, ओट्यावर बसून सांगायच्या. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं कमी येतं, त्यामुळे त्यांचं हळू बोलणंही पीर बाजारापर्यंत जातं. मी चालवायला लागल्यापासून त्या गाडीत बसल्या नव्हत्या. विहारात जायचं तरी गुडघे धरत पायी जायच्या. "अतुल चालवंल तवा बसंन," एवढंच म्हणायच्या. अतुल चालवायचे तेव्हा मात्र बसायच्या, आणि बसताना चपला काढून हातात घ्यायच्या. आपल्या भाकरीच्या गाडीत चपला घालून पाय ठेवायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता.

शेवटी घरात ठरलं की सोमवारपासून माझा दीर सम्यक गाडी चालवील. त्याचं वाळूजच्या कंपनीतलं काम नुकतंच सुटलं होतं. सम्यक वाईट नाही. पण तो गाणी इतकी मोठ्यानं लावतो की खालून इंजिन गळून पडलं तरी त्याला समजायचं नाही. अतुल माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोडे दिवस बघू दे त्याला. तुझ्या पण डोक्याला आराम."

मला आराम नको होता. मला ती किल्ली द्यायची नव्हती. सकाळी दारोदारी मुलं उभी असतात, "मॅडम आल्या, मॅडम आल्या" करत पळत येतात, ते माझं होतं. या घरात दुसरं माझं असं फारसं काही नाही. आणि खरं सांगायचं तर नुसता हट्टही नव्हता. मला भीती वाटत होती. खाली काहीतरी तुटत होतं, ते फक्त मला ऐकू येत होतं, आणि वर वीसेक दप्तरांसकट लोकांची लेकरं बसत होती.

त्या दिवसांत मला धड जेवण गेलं नाही. मिक्सर लावला की आवाज, पंखा लावला की आवाज. शेजारी बोअरची मोटर सुरू झाली तर मी हातातली पोळी तशीच तव्यावर टाकून दारात. अतुल एकदा कमरेला उशी लावून माझ्याशेजारी बसून आले. क्रांती चौकापर्यंत गेलो आणि परत आलो. गाडीनं हूं की चूं केलं नाही. "बघ," ते म्हणाले, तेही मायेनं. मायेनं म्हणाले म्हणून जास्त राग आला.

शनिवारी मात्र गंमत झाली. मोठ्या वर्गांना सुट्टी होती. फक्त बारकी मुलं भरली आणि निघाले. पूल आला, मी दात आवळून वाट बघत होते, आणि काहीच नाही! गाडी गुपचूप वर चढली, गुपचूप उतरली. आधी मला इतकं हायसं वाटलं की सिग्नलला मी एकटीच हसले. मग डोक्यात उजेड पडला आणि हसू जागच्या जागी थांबलं. आज मोठी मुलं नव्हती. मोठी मुलं बसतात कुठं? सगळ्यात मागं. आणि त्यांना मागं कुणी बसवलं? मीच. अतुल असताना बारकी मागं बसायची, मोठी मधे. पण बारक्यांना मागच्या बाकावर उलट्या व्हायच्या, म्हणून आल्या आल्या मी जागा बदलल्या होत्या.

म्हणजे आवाज माझ्याबरोबरच आला होता, हे खरं. पण तो माझ्या पायातून आलेला नव्हता. मागं वजन पडलं की तो निघत होता, आणि आम्ही सगळे शहाणे रिकामी गाडी घेऊन त्याला शोधत फिरत होतो.

घरी येऊन सांगितलं तर अतुल कॉटवर उठून बसले. कंबर विसरून बसले, म्हणजे पटलं होतं. काकासाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "असं असंल तर उद्या या. रविवारी दुपारपतुर उघडं असतं. मागं वाळूची दोन-चार पोती टाकून आणा."

"पोतं सांगणारंय का कुठं हादरतंय ते?" मी म्हणाले. मी पुढं स्टीअरिंगवर. मला आवाज कळतो, जागा कळत नाही. मला बोलणारं वजन हवं होतं. लोकांच्या मुलांना आता त्या बाकावर बसवायची माझी हिंमत नव्हती.

बोलणारं वजन कुठं मिळतं, हे उस्मानपुऱ्यात मला सांगायला नको. रविवारी सकाळी विहारात वंदना संपली आणि पांढऱ्या साड्यांमधल्या आमच्या बायका चपला शोधत बाहेर यायला लागल्या, तशी मी व्हॅन दारात आडवी लावली. "जयभीम. जरा मोंढा नाक्यापर्यंत चक्कर मारायची आहे. गाडी हादरते, कुठं हादरते ते मला सांगायचं."

"फुकट?" शेजारच्या आशाबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चढल्या. त्या चढल्या तशी गाडीही जरा बसली. मग सुलेखा आली, मग बाकीच्या. मागचा बाक तेवढा रिकामा राहिला, कारण तिथपर्यंत वाकून जायला कुणी तयार नव्हतं. आणि मला तर मागंच वजन पाहिजे होतं.

गीताबाई फाटकाशी उभ्या होत्या. हातातलं मेणबत्तीचं ताट पदरानं झाकून दुसरीकडे बघत होत्या.

"गीताबाई!" आशाबाई खिडकीतून ओरडल्या. "सुनंच्या गाडीत बसायला भेव वाटतंय व्हय?"

हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं. "भेव? मला?" त्यांनी ताट सुलेखाच्या मांडीवर ठेवलं, चपला काढून हातात घेतल्या, आणि सगळ्यांचे गुडघे तुडवत थेट मागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांना बघून आशाबाईही उठून त्यांच्याशेजारी गेल्या. गाडीचं बूड खाली गेलेलं मला पुढं बसून समजलं.

क्रांती चौक ओलांडला. मोंढा नाक्याचा पूल दिसला. आवाज आला नाही तर या सगळ्याजणी संध्याकाळपर्यंत वस्तीभर सांगणार होत्या, आणि आला तर काय, हेही मला माहीत नव्हतं. चढ लागला. मी पाय दिला.

घर्रर्र. टक्. घर्रर्र.

"अगं माय!" सुलेखा किंचाळली. आणि मग सगळ्या एकदम. दारात आहे, नाही छतात आहे, माझ्या सीटखाली, चाक निघालं गं, थांबव गं. एकीचं बोट वर, एकीचं बाजूला. मला रडू यायला लागलं. इतके दिवस कुणाला ऐकू येत नव्हतं, आता सगळ्यांना सगळीकडून ऐकू येत होतं.

"गप बसा गं!" मागून गीताबाईंचा आवाज आला. गाडीचा तो आवाज त्यांना ऐकू येतच नव्हता. आरशात पाहिलं तर त्यांनी साडी थोडी वर घेतली होती आणि अनवाणी पावलं पत्र्यावर इकडून तिकडं सरकवत होत्या, जात्यापाशी सांडलेलं पीठ पायानं गोळा करावं तशा. एका जागी थांबल्या. टाच दाबून धरली.

"इथं हाय," त्या म्हणाल्या. "चाकात नाय. मधोमध. खालून कुणी बुक्क्या मारतंय."

आशाबाईंनी लगेच चप्पल काढून तिथं पाय ठेवला आणि झटकन उचलला. "व्हय गं, लई जोरात!"

गॅरेजात आल्यावर गीताबाई जागेवरून हलल्या नाहीत. टाच काढली तर जागा हरवेल, असं त्यांना वाटत असावं. शेवटी काकासाहेबांनी खडूनं त्यांच्या टाचेभोवती गोल काढला तेव्हा त्या उतरल्या. काकासाहेब गाडीखाली शिरले. इंजिनाकडून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा असतो, तो त्यांनी बरोबर त्या जागेखाली हातानं हलवला. टक्. पुन्हा हलवला. टक्.

मग त्यांनी पाने मागवले, दांडा उतरवला, आणि बाहेर येऊन माझ्यासमोर मूठ उघडली. दांडा जिथं जोडलेला असतो तिथला लोखंडी क्रॉस. एका बाजूनं पार झिजलेला, आतलं बेअरिंग गंजून पूड झालेलं.

"रिकाम्या गाडीत हा नीट बसतो, वहिनी. वजन आलं, दांड्याचा कोन बदलला, की मोकळा," ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "पुलावर सुटला असता ना, तर दांडा पत्रा फोडून वर आला असता."

सगळ्यांनी त्या खडूच्या गोलाकडे पाहिलं. बाकासमोर, जिथं मोठ्या मुलांचे पाय असतात, तिथं तो होता. मी आठवडाभर मनात घोकून ठेवलं होतं की खरी ठरले तर कुणाकुणाला काय काय सुनवायचं. ते सगळं राहिलं. मी तिथल्या टायरवर बसले आणि रडले.

"काय म्हणला तो?" गीताबाईंनी विचारलं. मग आशाबाईंनी त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. गीताबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ आपल्या पायांकडे.

नवा क्रॉस बसेपर्यंत बायका रिक्षांनी पांगल्या. गीताबाई थांबल्या. काम संपत आलं तेव्हा सम्यक आला. उद्यापासून गाडी त्याची, म्हणून एक चक्कर मारायला त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं. काकासाहेबांनी किल्ली पुढं केली, आणि सम्यकनंच हात पुढं करून ती घेतली.

गीताबाईंनी चपला काढल्या, हातात घेतल्या, पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढून बसल्या, आणि पावलं पत्र्यावर सपाट टेकवली.

"सम्यक, तू मागं बस," त्या म्हणाल्या. "मागं वजन लागतं. ती किल्ली दे तिला."

सम्यक हसला, किल्ली माझ्या हातात ठेवून मुकाट्यानं मागं गेला. मी गाडी काढली. क्रांती चौक गेला, पुन्हा तोच पूल समोर आला. मी आपली जपून, तिसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू चढवत होते. आवाज नव्हता. थरथर नव्हती. तरी माझा जीव काही जागेवर येईना, म्हणून मी शेजारी पाहिलं. गीताबाई डोळे मिटून तळपायांनी ऐकत होत्या. अर्ध्या चढावर त्यांनी डोळे उघडले आणि सगळ्या जालना रोडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अगं, भेतीस काय? दे की जरा पाय!"