दोन बहिणींचं खारं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीच्या टाकीतलं प्रवाळ माझ्या प्रवाळापेक्षा मोठं आहे, हे मला अंथरुणाला पाठ टेकली की आठवतं आणि मग मी नुसती कूस बदलत राहते. आमच्या दोघींच्या घरी समुद्री माशांच्या टाक्या आल्या त्या बाबांमुळे. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि उरलेला सगळा वेळ खाऱ्या पाण्याला दिला. मी रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना शेड जुळवून देते. धाकटीचं केस कापायचं दुकान आहे. माझी टाकी नियमावर चालते, तिची लाडावर. ती शेंडेफळ, त्यामुळे तिचं चुकलं तर ते गोड वाटतं. माझं बरोबर आलं तर त्यात कुणाला नवल वाटत नाही.

यंदा बाबांचे हात थरथरायला लागले. पाण्याची बादली उचलवेना, तेव्हा त्यांनी टाकी मोडायचं ठरवलं. जोकर माशांची जोडी मात्र, आम्हा दोघींपैकी जिचं पाणी चांगलं असेल तिला द्यायची. त्या जोडीवर त्यांचा भारी जीव. मादीला ते बाईसाहेब म्हणतात. नर बिचारा तिच्याहून लहान, सतत तिच्या मागे मागे. त्याला नावही नाही.

मला ते मासे हवे होते. खरं सांगायचं तर ते धाकटीला मिळायला नको होते. मासे जिथे, तिथे बाबा येऊन बसणार हे उघड होतं, आणि ते तिच्या घरी तासन्‌तास बसलेले मला बघवले नसते.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही आपापल्या पाण्याची बाटली आणि तपासायचं किट घेऊन बाबांकडे जमलो. माझं किट साधं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, चढलेला रंग कार्डावरच्या पट्ट्यांशी जुळवायचा. धाकटीने पर्समधून एक चकचकीत यंत्र काढलं आणि नवा दागिना दाखवावा तसं टेबलाच्या मधोमध ठेवलं. पाण्यात पुडी टाकायची, कुपी यंत्रात बसवायची, बटण दाबायचं, की आकडा हजर. रंगबिंग जुळवायची कटकटच नाही, असं ती माझ्याकडे बघून म्हणाली. शेड जुळवण्यावर माझं पोट चालतं हे तिला काय माहीत नाही?

बाबांना बघायचं होतं नायट्रेट. माशांच्या घाणीतून ते पाण्यात साचत जातं; जितकं कमी तितकं पाणी चांगलं. माझी नळी फिकट गुलाबी झाली, म्हणजे थोडंसं होतं. धाकटीच्या यंत्राने दाखवलं शून्य. बाबांनी भुवया उंचावल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी म्हटलं, आता किट बदलून बघू. माझं पाणी तिच्या यंत्रात घातलं, तर तेही शून्य. तिचं पाणी माझ्या नळीत घेतलं, तर ते गडद लाल झालं. धाकटीने नाक मुरडलं. माझं किट जुनाट असेल म्हणाली.

बाबांनी मग कपाटातून एक बंद बाटली आणली. किटच तपासायला दुकानात पाणी मिळतं, त्यात नायट्रेट किती हे वर छापलेलं असतं. घड्याळ बरोबर आहे का हे त्याच घड्याळाला विचारून कसं चालेल, एवढंच ते म्हणाले. माझ्या नळीचा रंग छापलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. यंत्र आपलं शून्यावरच.

तेव्हा मी तिच्या हाताकडे बघितलं. पुडी टाकल्यावर ती कुपी चहात साखर ढवळावी तशी दोनदा गोल फिरवत होती. पुडी तळाशी जशीच्या तशी. मी कुपी तिच्या हातातून घेतली, बाबांच्या बाटलीतलं पाणी पुन्हा भरलं, नवीन पुडी टाकली आणि मनगट दुखेपर्यंत हलवली. यंत्रावर अचूक छापलेलाच आकडा आला. मग तिचं पाणी तसंच हलवून घातलं. आकडा बघून धाकटीचा चेहरा पडला. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, वरून मात्र मी काळजीचा चेहरा केला.

"मासे ताईकडे जातील," बाबा म्हणाले.

मी खुर्चीत जरा रेलून बसले. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. तिच्या पाण्यात तिचे मासे आजवर जगले कसे, हे ते तिला विचारत होते, आणि ती रडत होती. उद्यापासून मी येतो, म्हणाले. थोडं थोडं पाणी बदलत सगळं मार्गी लावू.

ते तिच्याकडे गेले. रोजची ये-जा झेपेना, म्हणून तिथेच राहिले. ती बादल्या उचलते, ते स्टुलावर बसून सांगतात. पाणी अजून पुरतं सुधारलेलं नाही. मला शंका आहे की त्या दोघांना कसली घाईही नाही. बाईसाहेब आणि नवरोबा माझ्याकडे मजेत आहेत. बाबा त्यांना सोडायला आले तेवढेच. टाकी उभ्याउभ्या बघितली, छान ठेवली आहेस म्हणाले, आणि निघाले. धाकटीकडे बादल्या भरून ठेवल्या होत्या.

काल मी त्यांना फोन केला. मी माझ्या टाकीसमोरच बसले होते, हातात नळी होती, नळीत फिकट गुलाबी पाणी.

"बाबा, माझं नायट्रेट चढलंय हो. खूप चढलंय."

ते हसले. मायेनेच हसले.

"तुझं नाही गं चढायचं. आणि चढलं तरी तू उतरवशील. तुझी मला कधी काळजीच करावी लागली नाही बघ."

मागून धाकटीने त्यांना हाक मारली.

"थांब, आलोच," बाबा म्हणाले. ते मला नव्हतं.