फिल्टरची नवी जागा

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून, पत्र्याच्या तुकड्याखाली एक गंजलेले धूड पडले आहे ना, ते म्हणजे मी. मी एका ट्रकचे जुने डिझेल इंजिन आहे. माझ्या कुशीला मुठीएवढे भोक आहे. ते कसे पडले हे येणारे-जाणारे एकमेकांना सांगत असतात आणि सगळेच चुकीचे सांगतात. म्हणून आज मीच सांगतो.

या गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला दोन मुले. थोरला मुलगा माझाच ट्रक चालवायचा आणि धाकटी मुलगी बापाच्या हाताखाली काम करायची. शाळा संपल्यावर ती आली तेव्हा तिच्या वाट्याला फक्त नट धुणे होते. बारा वर्षांत ती अशी तयार झाली की माझा आवाज ऐकूनच कोणता सिलिंडर रुसलाय ते सांगायची. ड्रायव्हर तिला मिस्त्रीण म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने, आणि शेवटी शेवटी अगदी मनापासून.

थोरल्याला खाणीतला दगड वाहायचे काम मिळाले. खाणीचा चढ भारी होता आणि माझा दम अपुरा पडे. म्हणून मिस्त्रिणीने मला जास्त हवा आत ढकलणारा मोठा टर्बो बसवला. माझ्यात नवे बळ आले, पण टर्बोचा जाड पाइप नेमका माझ्या ऑइल फिल्टरपुढे उतरला. माझ्या अंगात फिरणारे तेल त्या डब्यातून गाळून निघते. आता तो डबा काढायचा तर आधी पाइपाचे सात बोल्ट खोलायचे, हात पोळून घ्यायचे आणि कोपरापर्यंत काळे तेल ओघळू द्यायचे. थोरला "उद्या बघू" म्हणायचा. त्या उद्यात महिने गेले. माझे तेल डांबरासारखे झाले.

एके दिवशी ती भावाला म्हणाली, "दादा, फिल्टर तिथंच राहिला तर तू तो कधी बदलणार नाहीस. मी त्याला बाहेर आणते."

म्हातारा कुरकुरला. कंपनीने फिल्टर जिथे दिलाय तिथे काही विचारानेच दिला असेल, असे त्याचे म्हणणे.

"आणि हा टर्बो कंपनीनं कुठं दिला होता, बाबा?" ती म्हणाली. म्हाताऱ्याने तिच्या हातात ड्रिल मशीन दिले.

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावर एवढ्या मायेने कुणी काम केले नाही. फिल्टरच्या जुन्या जागी तिने लेथवर कातलेली एक चकती बसवली. तिला दोन तोंडे होती. एकातून मळके तेल बाहेर जाणार, दुसऱ्यातून गाळलेले परत येणार. तिथून दाब सोसणारे दोन जाड रबरी पाइप तिने चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, कडेपर्यंत नेले आणि फिल्टर बाहेर, उभ्या माणसाच्या हाताशी टांगला. मी चालताना थरथरतो, त्या थरथरीने पाइप ताणले जाऊ नयेत म्हणून तिने आधी दोरी लावून वळणे मोजली. पाइप धरून ठेवायला रबराचे अस्तर दिलेले तीन क्लॅम्प लावले. मधल्या क्लॅम्पपाशी भावाला वाकवून ती म्हणाली, "हा निघाला तर पाइप चॅसीच्या धारेला घासेल. बाकी काही विसरलास तरी चालेल, एवढं विसरू नकोस."

मग तिने नवा फिल्टर तेलाने काठोकाठ भरून लावला. डिझेल बंद ठेवून मला नुसते फिरवले आणि तेलाच्या दाबाचा काटा वर चढल्यावरच मला खरे सुरू केले. खाली कोरा कागद अंथरला होता. तासाभराने तिने तो उचलून पाहिला. एक थेंब नव्हता.

आजूबाजूचे ड्रायव्हर उकिडवे बसून माझे पोट बघून गेले. म्हातारा त्यांना सांगायचा, "आमच्या गॅरेजनं केलंय." तिचे नाव त्याने घेतले नाही. तिला ते ऐकू आले होते, पण ती हसून पुढच्या कामाला लागली.

दीड वर्ष मी सुखात होतो. पण तिने काम इतके सोपे करून ठेवले होते, की थोरल्याला आता तिची गरजच उरली नाही. रस्त्याकडेला गाडी लावायची, दहा मिनिटांत फिल्टर बदलायचा, की झाले. गॅरेजला यायचे म्हणजे जास्त माल भरल्याबद्दल तिची बोलणी खायची. तो येईनासा झाला. ती फोनवर विचारायची. तो म्हणायचा, सगळे ठीक आहे.

मग त्याने चॅसीला हत्यारांची एक पेटी बसवायला काढली. मधला क्लॅम्प आड येत होता. त्याने तो काढून टाकला आणि ताडपत्री बांधायच्या तारेने पाइप बांधला. "घरी गेल्यावर सांगतो तिला," असे तो स्वतःशीच पुटपुटलेला मी ऐकले. त्याने सांगितले नाही. पंधरा दिवसांत तार सैल झाली. पाइप धारेला टेकला आणि माझ्या प्रत्येक धक्क्यासरशी केसाकेसाने झिजू लागला. चार महिने मला ते जाणवत होते. कुणाला सांगणार?

भर दुपारी, खाणीच्या चढावर, गाडी गच्च भरलेली असताना पाइप फाटला. दाबाचा काटा शून्यावर पडला. लाल दिवा लागला. थोरल्याने तो पाहिला. वर पोचायला दोन वळणे राहिली होती. त्याने पाय दाबूनच ठेवला. तेलाशिवाय मी फार तर दोन मिनिटे टिकलो. बेअरिंगे वितळली, पिस्टनचा जाड दांडा, कनेक्टिंग रॉड, तुटला आणि माझी कूस फोडून बाहेर आला. गाडी मागे घसरली, दरडीवर आदळली, आणि केबिनच्या दबलेल्या पत्र्यात त्याचा उजवा पाय सापडला.

दवाखान्यातले मी पाहिले नाही. मला ओढून गॅरेजमध्ये आणले तिथले तेवढे सांगतो. थोरला शुद्धीवर आल्यावर बापाला म्हणाला होता, की तिने फिल्टर हलवला म्हणून हे झाले. ते शब्द माझ्याआधीच गॅरेजमध्ये पोचले होते. मिस्त्रीण टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात फाटलेला पाइप होता आणि दुसऱ्या हातात तार. तिने ते दोन्ही बापापुढच्या बाकावर ठेवले.

म्हाताऱ्याने पाइप उलटसुलट करून पाहिला. चाळीस वर्षे हीच कामे केलेला माणूस तो, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"त्याचा पाय गेलाय," तो म्हणाला. "आता हे कुणाला दाखवू नकोस."

"आणि माझं काय, बाबा?"

"तुझे हातपाय धड आहेत."

ती हात धुऊन घरात गेली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर चौकशीला आले, तेव्हा म्हातारा त्यांना म्हणाला, की पोरीच्या हौसेपायी झाले, फिल्टर हलवायलाच नको होता. ती तीन हातांवर दुसऱ्या गाडीचे चाक खोलत होती. तिने मान वर केली नाही. त्यानंतर तिच्याकडे कुणी इंजिनाचे काम देईना. महिन्याभरात पान्यांची पेटी उचलून ती दुसऱ्या शहरात निघून गेली. जाताना बापाच्या पाया पडली, पण भावाच्या खोलीत गेली नाही.

आता थोरला काठी टेकत येतो आणि गॅरेजच्या गल्ल्यावर बसतो. एका दुपारी तो एकटाच माझ्याकडे आला. पत्रा सरकवून माझ्या फुटक्या कुशीवर हात ठेवून उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मला वाटले, आता तरी हा बोलेल, निदान माझ्यापाशी. आतून जेवायची हाक आली. त्याने पत्रा होता तसा ओढला आणि गेला.

गेल्या आठवड्यात एक ड्रायव्हर लांबून मिस्त्रिणीचा पत्ता विचारत आला. त्याच्या गाडीचाही फिल्टर असाच बाहेर आणायचा होता आणि त्याला तिचाच हात हवा होता. म्हातारा बराच वेळ खिशात कागद शोधत राहिला. मग म्हणाला, "पत्ता नाही माझ्याकडे."

मित्रांनो, तेल वेळेवर बदला, दिवा लागला की गाडी थांबवा, हे तर मी सांगतोच. पण ज्याने तुमचे काम सोपे करून दिले, त्याच्या कामाला हात लावलात तर त्याला तेवढे सांगा. आणि चूक तुमची असेल तर ती तुमच्याच नावावर राहू द्या.

परवा भंगारवाला मला न्यायला येणार आहे. भट्टीची मला भीती वाटत नाही. वाईट एवढेच वाटते, की मी गेल्यावर खरे काय झाले ते ठाऊक असलेली तीनच माणसे उरतील, आणि त्या तिघांतले कुणीच बोलणार नाही.