दोरीवरची पोर आणि फाटकावरचे पाहुणे

१९७४ साली सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत रशियाचा सिनेमा आला. सर्कशीचा होता. विदूषकाच्या लेकीला दोरीवरून चालायचं असतं आणि बाप नको म्हणतो, एवढीच गोष्ट. बोलणं सगळं रशियन, पण पोरांचं त्यावाचून काही अडलं नाही.

अडलं ते फाटकावर. प्रमुख पाहुणे महादेवराव, शिक्षण समितीचे अध्यक्ष, अडीचला येणार होते. तीन वाजले. सिनेमाचं यंत्र चालवणारा मुकुंद मला म्हणाला, "गुरुजी, चार वाजता मले दुसऱ्या शाळेत जायचं हाये. आता लावतो, नाही त पेटी बांधतो."

सिनेमा सुरू झाला. फक्त पाचवीतली उत्तरा ओवाळायचं ताट घेऊन उन्हात उभी राहिली. पाहुण्याला ओवाळल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा हेडमास्तर वामनरावांचा नियम. महिनाभर या सिनेमाचे दिवस मोजत होती ती हीच पोर.

"सर, तिला बसू द्या. पाहुणे आले की बोलावू," मी म्हटलं.

"आन् पाहुणे दारात ताटकळले मंग? शाळेची शोभा जाईन ना गा!"

मग मी सभागृहाच्या दारापासून फाटकापर्यंत अकरा पोरं उभी केली. पहिल्यानं पाहायचं, पुढच्याच्या कानात सांगायचं. असा सिनेमा उत्तरापर्यंत पोचू लागला. वाटेत अस्वलाचा वाघ झाला आणि विदूषकाच्या लेकीला लुगडं नेसवलं गेलं.

"पोरगी शिडी चढून राहिली," अशी बातमी आली, आणि तेवढ्यात महादेवरावांची जीप थांबली.

"ओवाळ वं, उत्तरा!" वामनराव धावत आले.

उत्तरानं ताट छातीशी धरलं. "आता ओवाळलं त हे आत जातीन आन् सत्कारासाठी सिनेमा बंद होईन. पोरगी दोरीवर हाये, सर."

महादेवरावांनी उचललेला पाय पुन्हा खाली ठेवला. ओवाळून घेतल्याशिवाय ते आजवर कुठल्याच समारंभात शिरले नव्हते. "कोणती पोरगी?" त्यांनी विचारलं.

"लुगडं सावरत वाघाच्या डोक्यावरून अर्ध्यावर आली," रांगेतून निरोप आला. "बाप खाली हात पसरून उभा हाये." मग, "डोलून राहिली!"

"मंग?" महादेवरावांनी टोपी काढून हातात घेतली. "अबे, सांगा ना लवकर!"

"पोचली!"

महादेवरावांनी टाळी वाजवली. तेव्हा कुठे उत्तरानं ओवाळलं. सगळे आत आलो, तर सिनेमा संपून पडदा पांढरा.

हार झाला, नारळ झाला, भाषण सुरू झालं. "हा चित्रपट मी आत्ताच पाहिला," महादेवराव म्हणाले. "वाघाच्या डोक्यावरून ती कन्या लुगडं नेसून चालली. यालाच म्हणतात शिस्त!" वामनरावांनी मान डोलावली, तेही फाटकावरच होते.

उत्तरा पुढे बसून कोऱ्या पडद्याकडे पाहत होती. मुकुंदनं तिच्याकडे पाहिलं. रीळ उलटं गुंडाळायचंच होतं. गुंडाळता गुंडाळता त्यानं यंत्राचा दिवा पुन्हा लावला.

महादेवरावांच्या पाठीमागे ती पोर दोरीवर आली आणि एकेक पाऊल मागे टाकत चालू लागली. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. महादेवराव फुलले. "आता दुसरा मुद्दा," ते म्हणाले. वामनराव खुर्चीतून उठायला लागले, मी त्यांचा हात दाबून धरला.

पोर शिडीशी पोचली, तेव्हा महादेवरावांचा पाचवा मुद्दा चालू होता. सव्वाचार झाले होते. मुकुंदनं घड्याळाकडे पाहिलंच नाही, आणि उत्तराला तर पापणी लवायलाही सवड नव्हती.