दोन मीटरवरचा निशाणा

मित्रांनो, मी एक जुना निशाणा आहे. निशाणा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर रंगीत वर्तुळे येतील आणि त्यांच्या मधोमध पिवळा ठिपका दिसेल. माझ्या अंगावर तसले काही नाही. मी गव्हाच्या काडाची घट्ट बांधलेली, पिंपाएवढी जाड मोळी आहे. मला लाकडी घोडीवर आडवे ठेवतात आणि बाण मारणारा माणूस माझ्यापासून जेमतेम दोन मीटरांवर उभा राहतो. इतक्या जवळून नेम चुकत नाही. म्हणून माझ्यावरच्या बाणांना कोणी गुण देत नाही आणि टाळ्याही वाजवत नाही. पण इतक्या जवळून मला माणसाचा चेहरा दिसतो. लांबच्या निशाण्यांना तो कधी दिसत नाही.

आता मी थकलो आहे. पोटातले काड गळते. तरी दोन चेहऱ्यांविषयी सांगावेसे वाटते.

माझा जन्म मस्कतच्या टोकाला, माबेलातल्या एका गाद्या आणि सोफ्यांच्या वर्कशॉपमध्ये झाला. मला बांधणारे हुसैनमियाँ मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. तरुणपणी ते मच्छीमारी होड्यांवर होते, म्हणून दोरीची प्रत्येक गाठ त्यांच्या बोटांना पाठ होती. मस्कतच्याच कुरुम भागात राहणाऱ्या एका जपानी बाईने त्यांना माझा फोटो दाखवला होता; माझा म्हणजे माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाचा तरी. हुसैनमियाँनी चाऱ्याच्या बाजारातून बकऱ्यांसाठी विकायला आलेले काड आणले आणि मला बांधले.

पहिल्यांदा मी फसलो. कुरुमच्या अंगणात त्या बाईने बाण सोडला आणि तो माझ्यातून आरपार जाऊन मागच्या गॅरेजच्या दारात रुतला. हुसैनमियाँचा चेहरा पडला. "खलास," ते म्हणाले, "परत बांधतंय." मला पिकअपमध्ये टाकून त्यांनी परत माबेलाला आणले. या खेपेला ते माझ्यावर उभे राहिले, नाचले, गाडीचा जॅक लावून त्यांनी मला दाबले आणि दोरी आवळली. माझा जीव कासावीस झाला. पण निशाण्याला घट्टपणा असाच येतो.

मी तसा आवळला जात असतानाच यशश्री आली.

यशश्री अडतीस वर्षांची. अल् खुवैरमध्ये एका कंपनीत नोकरी, घर माबेलात, रोजचा प्रवास गाडीने दीड-दोन तासांचा. एकेकाळी ती महाराष्ट्राकडून धनुर्विद्येच्या राष्ट्रीय स्पर्धा खेळली होती. मस्कतला आल्यावर दर शुक्रवारी सकाळी ती भारतीय मुलांना धनुष्य धरायला शिकवत असे. त्या दिवशी तिने गाडीतून फोमचे मोठमोठे चौकोन उतरवले. ते तिचे सरावाचे निशाणे होते.

"हुसैनचाचा, हे गाद्यांत भरायला घ्या," ती म्हणाली. "मला आता नकोत."

"आनि तू कशावर मारशील?"

"मी सोडलं."

हुसैनमियाँनी दोरी दातात धरून तिच्याकडे पाहिले. मग दोरी काढून म्हणाले, "बाय, वाईच बस. ह्या बघ, काय बांधतंय. कुरुमच्या एका जपानी बाईचा हाय. ती पन तीर मारते. पन हितनं तितपर्यंत, बस! मला आधी वाटला, बाई येडी हाय. पन तिचा तीर मारना बघितला, आनि मी दहा मिनिटा तसाच उभा राहिलो."

यशश्रीने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर कुतूहल नव्हते. नुसता शीण होता. तरी जाताना तिने त्या बाईचा फोन नंबर घेतला.

ती बाई म्हणजे नाकाओ-सान. 'सान' म्हणजे आपण 'बाई' किंवा 'ताई' लावतो तसे. वय सत्तरच्या आसपास, बांधा लहान, केस पांढरे. त्यांचे यजमान समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पात सल्लागार होते. अंगणात बदामाचे झाड होते आणि त्याच्या सावलीत माझी घोडी. दोघी इंग्रजीत बोलत. मी तुम्हाला ते मराठीत सांगतो.

यशश्री पहिल्यांदा आली तेव्हा नाकाओ-सानांनी आपले धनुष्य बाहेर आणले. ते त्यांच्यापेक्षाही उंच होते, दोन मीटरांहून अधिक. बांबूचे. एसीत ठेवले तर कोरडे पडे आणि बाहेर ठेवले तर समुद्राच्या दमट हवेने रुसे. त्याची मूठ मधोमध नव्हती, बरीच खाली होती. त्याला नेम धरायची काच नव्हती, तोल सांभाळायच्या दांड्या नव्हत्या. यशश्रीच्या धनुष्याला हे सगळे असते.

नाकाओ-सान माझ्यासमोर उभ्या राहिल्या. धनुष्य डोक्याच्या वर उचलले आणि दोन्ही हात पसरत ते सावकाश खाली आणले. बाण गालाला टेकला आणि दोरी कानाच्या मागे गेली. मग त्या थांबल्या. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. तिथे माझ्याविषयी काहीच नव्हते, रागही नाही आणि लोभही नाही. बाण सुटला, माझ्यात वीतभर रुतला, आणि त्या हात पसरलेल्या अवस्थेतच उभ्या राहिल्या.

"बाण सोडण्याआधी किती वेळ थांबायचं?" यशश्रीने विचारले.

"घाई संपेपर्यंत," नाकाओ-सान म्हणाल्या आणि हसल्या. "माझ्या बाई मला सांगायच्या, सहापर्यंत मोज. मला सहापर्यंत जाता येत नाही. पाच."

यशश्री हसली नाही. पण पुढच्या आठवड्यात परत आली.

तिला वाटले होते, इतक्या वर्षांचा सराव आहे, चार दिवसांत जमेल. तसे झाले नाही. तिला दोरी तीन बोटांनी ओढायची सवय. इथे हरणाच्या कातड्याचा हातमोजा घालून अंगठ्याने ओढायची. तिचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असायचा. इथे तो उजव्या अंगाला. ती दोरी हनुवटीला टेकवत असे. इथे हनुवटीचे काही कामच नव्हते. सहा आठवडे तिच्या हातात बाण आलाच नाही. कधी नुसते चालणे, कधी नुसते उभे राहणे, तर कधी रबरी पट्टी ताणणे. ऑफिस सुटल्यावर ती यायची. डोळ्यांखाली काळे, खांदे उतरलेले. तासभर पावले टाकायची आणि मग माबेलाच्या ट्रॅफिकमध्ये जायची.

एकदा ती चिडली. "मी इतक्या मुलांना शिकवलंय," ती स्वतःशीच मराठीत पुटपुटली, "आणि इथे मी पहिलीत!" ते कोणाला कळले नाही. मला कळले. मी माबेलात हुसैनमियाँच्या हाताखाली वाढलो होतो ना!

मग तो दिवस आला. नाकाओ-सानांनी तिच्या हातात पहिला बाण दिला. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि बाण हातात असतानाचा तिचा चेहरा मला पहिल्यांदा दिसला. धनुष्य वर गेले. हात पसरत खाली यायला लागले. ते अर्ध्यातच होते, बाण गालापाशी पोचलाही नव्हता, आणि तिच्या डोळ्यांत एकदम भीती आली. अंगठा सुटला. बाण माझ्या कडेला तिरका घुसला.

तिने धनुष्य खाली ठेवले आणि ती जमिनीवर बसली.

"दोन मीटरवरही," ती म्हणाली. "इथे चुकायला जागाच नाही, तरीही."

मग तिने सगळे सांगितले. दोन वर्षे झाली, तिची बोटे तिचे ऐकत नव्हती. नेम पिवळ्यापाशी येतो न येतो तोच ती आपोआप सुटत. आधी गुण कमी झाले. तिने व्यायाम बदलला, दोरी बदलली, चष्मा बदलला. मग मार्चमधल्या एका शुक्रवारी मैदानावर मुलांना शिकवताना धनुष्य वर उचलतानाच बोटे सुटली. बाण जाळीवरून पलीकडे गेला. तिथे मैदानाची देखभाल करणारे रमण सावंत चहा पीत बसले होते. बाण त्यांच्यापासून हातभर अंतरावर वाळूत रुतला. कोणाला काही झाले नाही. सगळ्यांना वाटले, मॅडमचे लक्ष नव्हते. तिने तसेच वाटू दिले. "माझी बोटे माझी राहिली नाहीत," हे तीस मुलांच्या पालकांसमोर कसे सांगायचे? तिने धनुष्य कपाटात बंद केले.

नाकाओ-सान तिच्याशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे याला नाव आहे. हायाके. म्हणजे घाईचा आजार."

यशश्रीने मान वर केली. "नाव आहे?"

"फार जुनं. कितीतरी लोकांना होतो. चांगल्या नेमबाजांनाही. मला आहे."

"होता?"

"आहे," नाकाओ-सान शांतपणे म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली. मी मैदानात लांबच्या निशाण्यावर बाण मारलेला नाही. गावोगाव राहिले, जाईन तिथे काड शोधलं आणि बांधून घेतलं. काडासमोर मी थांबू शकते. मैदानात नाही."

मित्रांनो, तोवर मला वाटत होते की मी एका मोठ्या गुरूचा निशाणा आहे. त्या दिवशी कळले, मी एका घाबरलेल्या बाईचा आधार होतो. मला वाईट वाटले नाही. उलट माझ्या अंगावरच्या हजारो छिद्रांचा अर्थ लागला.

यशश्री त्यानंतर रडली. दुःखाने नव्हे. आपल्या दुखण्याला नाव आहे, ते आपल्या एकटीचे नाही, हे कळल्यावर माणसाच्या खांद्यांवरून काय उतरते ते मी दोन मीटरांवरून पाहिले आहे.

पुढे थंडीचे महिने गेले. तिची बोटे सुटत राहिली. मग नाकाओ-सानांनी तिला नवा नियम दिला : ओढायचे, थांबायचे आणि बाण न सोडता धनुष्य खाली घ्यायचे. दिवसाला वीस वेळा. मी समोर नुसता बसून असे. निशाण्याला याहून कंटाळवाणे काम नसेल. पण फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिने ओढले, ती थांबली, आणि नाकाओ-सान हळू आवाजात मोजू लागल्या. एक. दोन. तीन. यशश्रीच्या हनुवटीवर घाम होता. चार. पाच. तिने धनुष्य खाली घेतले. बाण तिच्या हातातच होता. दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की कोणाला वाटावे, पदक मिळाले!

एप्रिलमध्ये नाकाओ-सानांच्या यजमानांचा करार संपला. सामान बांधले जाऊ लागले. यशश्री म्हणाली, "जायच्या आधी एकदा मैदानावर येता?"

"कशाला?"

"मी एकटी गेले तर रमणकाकांना खरं सांगायचा धीर होणार नाही."

नाकाओ-सान तीन दिवस सामानच बांधत राहिल्या. चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, त्यांनी धनुष्य कापडात गुंडाळले आणि दोघी गेल्या. मी अंगणातच राहिलो. तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. ऊन डोक्यावर आले तेव्हा त्या परत आल्या. पाठोपाठ पिकअप घेऊन एक उंच, टक्कल पडलेला माणूस आला. तेच रमण सावंत.

नाकाओ-सानांनी आपले दोन बाण माझ्या घोडीला टेकवून ठेवले. दोन्हींच्या टोकांना माती होती.

"दोन्ही जमिनीत," त्या म्हणाल्या. "निशाणा अठ्ठावीस मीटरवर, आणि माझे बाण वीसवरच पडले." मग त्यांनी सगळ्यांना थंड चहा दिला आणि स्वतः दोन पेले प्यायल्या.

यशश्रीच्या घरी न्यायला मला पिकअपमध्ये चढवताना रमण म्हणाले, "मॅडम, वर्षभर मी समजत होतो, तुमचं लक्ष नव्हतं. मनात राग होता माझ्या. खोटं कशाला बोलू?"

"राग बरोबरच होता, काका. मी सांगायला हवं होतं."

"आता मुलांना सांगणार?"

"सांगणार. पालकांना आधी." तिचा आवाज थकलेला होता, पण सरळ होता.

नाकाओ-सान मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आल्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. मला आजवर कोणी असा नमस्कार केला नव्हता.

आता मी माबेलात यशश्रीच्या गॅलरीत आहे. उन्हाळा फार कडक गेला. ती मायदेशी गेली तेव्हा दोन महिने मी ताडपत्रीखाली पडून होतो. साळुंक्यांनी माझे काड ओढून एसीच्या मागे घरटे केले. दोऱ्या ढिल्या झाल्या, पोट लोंबू लागले. हुसैनमियाँ कायमचे गावी गेले. मला बांधणारे कोणी उरले नाही. मला वाटले, आता कचऱ्याचा डबा.

सप्टेंबरात यशश्रीने ताडपत्री काढली. तिने मला पाहिले आणि जीभ चावली. मग गुडघा माझ्या पोटावर रोवून तिने स्वतः दोरी आवळली. गाठी वेड्यावाकड्या पडल्या, तळहात सोलून निघाले, पण मी पुन्हा उभा राहिलो.

तिचा आजार गेलेला नाही. ती पुन्हा मुलांना शिकवते आणि स्वतःची बोटे सुटली की त्यांच्यासमोरच सांगते. आज सकाळी ती माझ्यासमोर आली, धनुष्य वर नेले, हात पसरले. बोटे सुटू पाहत होती. तिने धनुष्य खाली घेतले, माझ्या अंगाला पाठ टेकून फरशीवर बसली आणि म्हणाली, "आज नाही." तिच्या आवाजात लाज नव्हती. दोघेही दमलेले, आम्ही तसेच बसून राहिलो.

मित्रांनो, मला रंग नको, नवे कापड नको. महिन्यातून एकदा माझ्या दोऱ्या ओढा, एवढेच पुरे. आणि तुमच्या घरात कोणी दमून "आज नाही" म्हणाले, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याची जागा आवरून टाकू नका. उद्या त्याला पुन्हा उभे राहायचे असेल.